सोने, टाकणखार आणि फुटलेले अणुगर्भ

२०२५ च्या मे महिन्यात वर्तमानपत्रांतून एक बातमी झळकली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत शिशाचे सोने झाले. सोन्याचा भाव रोज नवा आकडा दाखवीत असताना असली बातमी आली म्हणजे काय होते ते सांगायला नको. वर्गात, कँटीनमध्ये, बसस्टँडवर सर्वांच्या तोंडी परीस आला. मराठीत परीस आणि कन्नडात परुषमणी; लोखंडाला शिवताच सोने करणारा हा दगड दोन्ही भाषांच्या संतांनी इतका वापरला आहे की त्याच्या अस्तित्वाबद्दल शंका घेणे हे आपल्याकडे अरसिकपणाचे लक्षण ठरावे! दोन दिवस चर्चा झाली, तिसऱ्या दिवशी विसरली गेली. बातमीत खरे काय होते आणि त्यात विज्ञान कोणते होते, हे विचारण्याची गरज फारशा कोणाला वाटली नाही. ती गरज आहे, आणि या सीमाभागातल्या आपल्या महाविद्यालयांना तर अधिकच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आधी सोन्याचा हिशेब करून टाकू, कारण तो पोटात राहिला तर पुढचे काही डोक्यात शिरणार नाही. सर्नमधील अ‍ॅलिस या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी मांडलेला आकडा असा आहे की २०१५ ते २०१८ या काळात तेथील महाचक्रात, चारही प्रयोगांच्या ठिकाणी मिळून, सोन्याचे सुमारे ८,६०० कोटी अणुगर्भ तयार झाले. आकडा ऐकून छाती दडपते. पण अ‍ॅव्होगाड्रोचा अंक अकरावीत शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. सोन्याचा अणुभार १९७. या साऱ्या अणुगर्भांचे मिळून वजन भरते एका ग्रॅमच्या एक लक्ष कोटी भागांपैकी २९ भाग. तोळ्याला ९६ गुंजा असतात, म्हणजे एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम. या चार वर्षांच्या गतीने एक गुंज सोने जमवायचे झाले तर सुमारे १,६७५ कोटी वर्षे लागतील, आणि विश्वाचे आजचे वय आहे १,३८० कोटी वर्षे. शिवाय जे झाले ते टिकले नाही. जन्मल्यावर सेकंदाच्या अत्यल्प अंशात ते अणुगर्भ नळीच्या भिंतींवर किंवा आणखी कशावर तरी आदळून फुटले. तेव्हा शहापूरच्या सराफ गल्लीत कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

मग बातमी कशाची? ती होती फुटण्याची. शिशाच्या अणुगर्भात ८२ प्रोटॉन असतात, सोन्याच्या अणुगर्भात ७९. शिशातून तीन प्रोटॉन निसटले की उरते ते सोने. दोन निसटले तर पारा, एक निसटला तर थॅलियम. किमयागारांनी शेकडो वर्षे भट्ट्या पेटवल्या त्या अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी खेळत. गर्भापर्यंत भट्टीची आंच कधी पोहोचलीच नाही. सर्नमध्ये विशेष असे की हे तीन प्रोटॉन निसटतात तेव्हा दोन अणुगर्भांची टक्कर होतच नाही. ते एकमेकांच्या बाजूने जातात. पण ८२ प्रोटॉनांचा विद्युत्भार जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाजूने गेला की त्याचे विद्युत्क्षेत्र क्षणभर एखाद्या प्रखर प्रकाशझोतासारखे दुसऱ्यावर आदळते. त्या झोताने अणुगर्भ हादरतो आणि काही प्रोटॉन, काही न्यूट्रॉन टाकून देतो. न भिडता फुटणे, असे याला म्हणता येईल. टाकून दिलेले हे कण सरळ पुढे जातात आणि आघातबिंदूपासून सुमारे ११२ मीटर अंतरावर ठेवलेली उपकरणे ते मोजतात. तीन प्रोटॉन आले की मागे सोने राहिले हे कळले. ते सोने कोणी पाहिले नाही, त्याने मागे सोडलेल्या तिघांवरून ते ओळखले.

प्रत्यक्ष टक्कर होते तेव्हाचे चित्र निराळे आहे, आणि माझ्या मते अधिक सुंदर. दोन अणुगर्भ थोडे तिरके, एकमेकांवर अर्धवट सरकलेले असे भिडतात. कॅरमच्या बोर्डावर स्ट्रायकर सोंगटीला मधोमध लागतो तसे क्वचितच घडते. बहुधा कडेला लागतो. अणुगर्भ मात्र सोंगटीसारखा टणक नाही. दोघांचा जो भाग एकमेकांवर येतो तेवढ्याच भागातले प्रोटॉन-न्यूट्रॉन भिडतात. त्यांना शास्त्रज्ञ सहभागी म्हणतात. उरलेल्यांना ते चक्क प्रेक्षक म्हणतात. प्रेक्षकांचा वेग बदलत नाही, दिशा जवळजवळ बदलत नाही, ते आपल्या वाटेने पुढे जातात. परंतु आखाड्याभोवतीचे प्रेक्षक कुस्ती संपल्यावर धोतर झटकून घरी जातात, तसे यांचे होत नाही. शेजारचा लचका तोडला गेल्यामुळे त्यांचा उरलेला गोळा अस्वस्थ होतो, तापतो आणि फुटतो. त्यातून हेलियमचे, लिथियमचे, कार्बनचे, कधी त्याहून जड असे तुकडे निघतात. कुस्ती किती जोराची झाली हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ पुष्कळदा पहिलवानांकडे न बघता हे प्रेक्षकच मोजतात. प्रेक्षक कमी उरले म्हणजे टक्कर समोरासमोर झाली. प्रेक्षक पुष्कळ उरले म्हणजे नुसते खांदे घासले.

समोरासमोरच्या टक्करीत काय होते? शिशाच्या एका अणुगर्भात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून २०८ कण. दोघांचे ४१६. नोव्हेंबर २०१० मध्ये सर्नच्या महाचक्रात शिसे प्रथम शिशावर आदळवले गेले, तेव्हाच्या सर्वांत समोरासमोरच्या टक्करींत एकेका वेळी सुमारे १७,००० विद्युत्भारित कण बाहेर पडले. आत गेले ४१६, बाहेर आले १७,०००! मडके फुटले तर खापऱ्या कितीही होवोत, सगळ्या मिळून मडक्याएवढ्याच भरतात. इथे तसे नाही. हे बहुतेक कण आधी अस्तित्वातच नव्हते. वेगाच्या ऊर्जेतून ते त्या क्षणी जन्माला आले. ऊर्जेचे वस्तुमान होते हे आपण परीक्षेत एका ओळीच्या सूत्रात लिहितो आणि दोन गुण मिळवतो. त्या सूत्राचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. टक्करीच्या जागी क्षणभर जे तापमान असते ते सूर्याच्या गाभ्यातल्या तापमानाच्या लाखपटीहून अधिक. तेथे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनसुद्धा वितळतात आणि त्यांच्या आतले क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. विश्व जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळीकडे हीच स्थिती होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी हे वितळणे कोणत्या तापमानाला व कसे होते याची गणिते संगणकावर कित्येक वर्षे केली. त्या विषयात त्यांची नावे जगभर आदराने घेतली जातात. आपल्याकडच्या भौतिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र ती ठाऊक नसतात, आणि क्रिकेटच्या राखीव खेळाडूंची असतात. असो.

एक फरक येथे ध्यानात घेतला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांनी त्याचा गोंधळ केला. टक्करीतून दोन तऱ्हेची पैदास होते. एक नव्याने जन्मलेले कण, दुसरे जुन्याचे तुकडे. पहिल्याला कीर्ती मिळते. दुसऱ्याकडे लोक भंगार म्हणून बघतात. सीमाभागातल्या माणसाला तुकडे हा विषय काही नवा नाही, परंतु येथे राजकारण आणण्याचा इरादा नाही. सांगायचे एवढेच की या भंगारात दडलेले ज्ञान जुने आहे, आणि त्याचा बराचसा पाया आपल्या शेजारी, मुंबईत व कर्नाटकात, घातला गेला आहे.

१९४८ साली अमेरिकेत दोन गटांनी फुग्याला बांधून छायाचित्रणाच्या जाड पट्ट्या वर पाठवल्या. त्यांत उमटलेल्या रेषांवरून असे कळले की अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत नुसते प्रोटॉन नसतात. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड अशा जड मूलद्रव्यांचे उघडे अणुगर्भही असतात. म्हणजे मनुष्याने जड अणुगर्भांची टक्कर घडवण्याआधी निसर्ग ती आपल्या डोक्यावर रोज घडवीतच होता. त्या शोधकांपैकी एक बर्नार्ड पीटर्स. हा मनुष्य जर्मनीत जन्मला, हिटलरच्या डाखाउच्या छावणीतून सुटला, अमेरिकेत ओपेनहायमरचा विद्यार्थी झाला, आणि १९४९ मध्ये त्याच ओपेनहायमरने चौकशी समितीपुढे दिलेली साक्ष फुटल्यामुळे तिकडे नकोसा झाला. भाभांनी त्याला मुंबईला बोलावले. १९५० चे दशक त्याने टाटा संस्थेत काढले. दोन अणुगर्भ भिडण्याची शक्यता किती, याचे जे साधे सूत्र आजही वापरले जाते ते ब्राट आणि पीटर्स यांच्या नावाने ओळखतात. ते इतके साधे आहे की कॅरम खेळणाऱ्याला ते आपोआप यावे. दोन सोंगट्यांच्या त्रिज्यांची बेरीज करा, तिचे वर्तुळ काढा, आणि कड नुसती घासून जाते त्याबद्दल थोडे वजा करा. अणुगर्भाची त्रिज्या त्याच्या अणुभाराच्या घनमुळाच्या प्रमाणात असते, एवढे लक्षात ठेवले की झाले.

टाटा संस्था आपली दोन्हीकडची आहे हेही सांगितले पाहिजे. तिचे काम १९४५ च्या जूनमध्ये बंगळूरला सुरू झाले आणि त्याच वर्षी ती मुंबईला आली. संस्थेचे एक तोंड आकाशाकडे होते, दुसरे पाताळाकडे. फुगे वर जात होते आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणे खाली उतरत होती. वरच्या पट्ट्यांत जड अणुगर्भ फुटताना दिसत. हे अणुगर्भ जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, हवेतच त्यांचे तुकडे होतात. जे मागे उरते त्यातले भेदक कण तेवढे जमिनीत शिरतात. १९६५ साली कोलारच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा पुरावा मिळाला. ती खाण २००१ मध्ये बंद झाली. सोन्याच्या खाणीतून विज्ञान काढणारे लोक आपण, आणि विज्ञानाच्या यंत्रातून निघालेल्या कणभर सोन्याने आपले डोळे दिपावेत, ही गंमत नव्हे काय?

आता टाकणखाराकडे येतो. सोनार दागिन्याचा सांधा जोडताना जो टाकणखार घालतो, ज्याला कन्नडात बिळिगार म्हणतात, तो बोरॉनचा क्षार. आपल्या जिमखान्यात कॅरमवर जी बोरिक पावडर उधळली जाते, तीही बोरॉनचीच. हे बोरॉन कुठून आले? बाकीची बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजली. बोरॉन आणि बेरिलियम मात्र तेथे टिकत नाहीत; ताऱ्याच्या उष्णतेत ती शिजण्याऐवजी जळून जातात. ती झाली फुटीतून. विश्वकिरणांतले कण ताऱ्यांमधल्या विरळ वायूतील कार्बन व ऑक्सिजनच्या अणुगर्भांवर आदळतात, किंवा विश्वकिरणांतला कार्बन त्या वायूतल्या प्रोटॉनवर आदळतो, आणि निघालेल्या तुकड्यांत बोरॉन, बेरिलियम व थोडे लिथियम असते. पुरावाही मोठा बोलका आहे. सूर्यमालेत कार्बनच्या दहा लाख अणूंमागे बोरॉनचे दोनतीन अणू सापडतात. विश्वकिरणांत मात्र बोरॉन कार्बनच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतके असते. एवढी तफावत दुसऱ्या कशाने येत नाही. जिनिव्हाच्या सोन्याची बातमी होते आणि जिमखान्याच्या डब्यातले बोरॉन, जे त्याच जातीच्या घटनेतून झाले आणि खरोखर किलोच्या भावाने मिळते, ते कोणाच्या खिजगणतीत नसते. मला विचाराल तर आश्चर्य करायचेच असेल तर ते कॅरमच्या पावडरीचे करावे.

या तुकड्यांनी घड्याळाचेही काम केले. बेरिलियम-१० हा किरणोत्सारी तुकडा सुमारे १४ लाख वर्षांत निम्मा होतो. विश्वकिरणांत तो किती उरला आहे यावरून असे ठरवता आले की हे कण आपल्या आकाशगंगेत साधारण दीड कोटी वर्षे भटकतात. त्याचा धाकटा भाऊ बेरिलियम-७. आपल्याच वातावरणात नायट्रोजन व ऑक्सिजनचे अणुगर्भ फुटून तो तयार होतो, धुळीच्या कणांना चिकटतो आणि पावसाबरोबर खाली येतो. तो ५३ दिवसांत निम्मा होतो. १९५० च्या दशकात टाटा संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या पाण्यातून असे तुकडे वेगळे काढून मोजले. पीटर्स त्यांचे मार्गदर्शक होते. ताऱ्यांचा अभ्यास करणारी माणसे पागोळ्यांखाली भांडी मांडून बसली होती! आणि हे काम पुढे हवामानशास्त्राला, समुद्रशास्त्राला, जमिनीची धूप मोजण्याला उपयोगी पडले.

उपयोगाचे नाव निघाले म्हणून त्या आक्षेपाचा विचार करू, कारण तो स्टाफरूममध्येही ऐकू येतो. निपाणीच्या शेतकऱ्याला, खानापूरच्या जंगलाकाठच्या माणसाला, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत घाम गाळणाऱ्या कामगाराला शिशाच्या टक्करींचे काय? याला नेहमीचे उत्तर असे देतात की मूलभूत संशोधनाचे फळ उशिरा मिळते. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ते कोणत्याही खर्चाचे समर्थन करू शकते, म्हणून ते कशाचेच समर्थन करत नाही. नेमके बोलावे. आपल्या भागातून किती माणसे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात, हे तंबाखूच्या मुलखात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. त्याच टाटा केंद्राच्या खारघर येथील आवारात २०२३ पासून प्रोटॉनच्या झोताने उपचार होऊ लागले आहेत. क्ष-किरण वाटेतल्या सगळ्या पेशी भाजीत जातात. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा थांबण्याच्या जागी सोडतो. जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून त्याहून जड अशा कार्बनच्या अणुगर्भांनी उपचार होत आहेत. कार्बन गाठीवर अधिक जोराचा आघात करतो. पण त्यात एक अडचण आहे, आणि ती आपल्या विषयाचीच आहे. प्रोटॉनला फुटण्यासारखे काही नाही. कार्बन शरीरात शिरल्यावर वाटेत फुटतो. त्याचे बोरॉन, हेलियम, हायड्रोजन असे तुकडे होतात आणि त्यांतले हलके तुकडे गाठीच्या पलीकडे जाऊन निरोगी पेशींना लागतात. किती तुकडे होतील, कोणते, किती लांब जातील, हे आधी मोजलेले नसेल तर डॉक्टरला मात्रा ठरवता येणार नाही. ज्याला आपण भंगार म्हटले त्याचे कोष्टक रोग्याच्या उशाशी लागते.

तरीसुद्धा, हा उपयोग नसता तरी हा विषय शिकावा असेच मी म्हणेन. मात्र खर्चाची तक्रार करणाऱ्याला मूर्ख समजू नये. त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आकड्यांनी उत्तर देणे हे आपले काम आहे.

खरी अडचण पैशाची नसून दुसरीच आहे. आपण असे धरून चाललो आहोत की हे विज्ञान मुंबई-कोलकात्याचे, किंवा त्याहूनही जिनिव्हाचे, आणि आपण प्रेक्षक. बेळगावची महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाकडे, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे, २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. रस्त्याच्या अलीकडे एक अभ्यासक्रम, पलीकडे दुसरा. या धावपळीत प्रयोगशाळा जर्नल पुरे करण्याची जागा होऊन बसली. अशा स्थितीत जड अणुगर्भांच्या टक्करी हा विषय काढणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, असे कोणी म्हणेल. त्याला मी जम्मूचे उदाहरण देईन. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्नमध्ये ऑक्सिजनचे आणि गंधकाचे अणुगर्भ वेगात आणून आदळवण्यात आले. त्या प्रयोगांपैकी एकात पुन्हा त्याच जुन्या, छायाचित्रणाच्या जाड पट्ट्या वापरल्या होत्या. पट्ट्या तेथे ठेवायच्या, आणि मग आपापल्या गावी नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वाचायच्या. त्या वाचणाऱ्यांत जम्मू, जयपूर आणि चंदीगड येथील विद्यापीठांचे विभाग होते. कोट्यवधींचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते. तेलाच्या थेंबात बुडणाऱ्या भिंगाचा सूक्ष्मदर्शक होता, वही होती आणि चिकाटी होती. एकेका फुटीच्या जागी रेषांचा तारा दिसतो. त्यातल्या काळ्या रेषा किती, करड्या किती, बारीक किती, कोणता कोन, हे डोळ्यांनी मोजायचे. महिनेच्या महिने. याच विभागांनी पुढे कोलकाता व भुवनेश्वरच्या संस्थांबरोबर फोटॉन मोजणारे उपकरण बांधले. ते आधी सर्नच्या जुन्या प्रयोगांत, मग अमेरिकेत ब्रुकहेवनला आणि अखेर अ‍ॅलिसमध्ये बसले. मुंबईची आयआयटीही त्यात सामील झाली. जम्मू काही देशाच्या मध्यभागी नाही. तेही सीमेवरचेच गाव आहे.

आज पट्ट्यांचीसुद्धा गरज उरलेली नाही. सर्नने २०१४ पासून आपल्या प्रयोगांची माहिती सर्वांसाठी खुली करायला सुरुवात केली. शिसे-शिसे टक्करींची काही माहितीही तीत आहे. साधा संगणक, थोडी प्रोग्रॅमिंगची ओळख आणि एक धीराचा अध्यापक एवढ्यावर पदवीचा विद्यार्थी स्वतः कणांचे आलेख काढू शकतो. आपल्याकडचे विद्यार्थी प्रोग्रॅमिंग शिकतात ते बंगळूर-पुण्याच्या नोकरीसाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच विद्येने एका संध्याकाळी प्रेक्षक आणि सहभागी मोजून पाहायला कोणी बंदी केलेली नाही.

भाषेचे काय, हा प्रश्न राहतो. या अंकाला मराठी विभाग आहे, कन्नड विभाग आहे. दोन्हींत कविता आहेत, प्रवासवर्णने आहेत. विज्ञान मात्र बहुधा इंग्रजीत जाते, जणू ते आपल्या दोघांच्या घरचे नव्हेच. शब्द नाहीत ही सबब मला मान्य नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मराठीत आणि शिवराम कारंतांनी कन्नडात विज्ञान लिहून ती कधीच खोडून काढली आहे. मराठीने न्यूक्लिअसला अणुगर्भ म्हटले, कन्नडाने बीज म्हटले. गर्भ म्हटले की आतला सांभाळलेला भाग डोळ्यांपुढे येतो, बीज म्हटले की ज्यातून पुढचे उगवते तो. दोन्ही शब्द विद्यार्थ्याला ठाऊक असले तर कल्पना दोन बाजूंनी उजळते. परिभाषाकोशात फिशनसाठी विखंडन आहे. येथे जे घडते ते त्याहून निराळे, अस्ताव्यस्त असते, म्हणून मी मुद्दाम फूट हा शब्द वापरला आहे. आपण नारळ फोडतो, कन्नड शेजारी कायी ओडेयतात. त्यांचा चूरु म्हणजे तुकडा, आपला चूर म्हणजे भुगा. हे शब्द रोजच्या तोंडातले आहेत, म्हणून ते अर्थ लगेच पोहोचवतात. दोन्ही विभागांच्या संपादकांनी पुढच्या अंकासाठी विज्ञानाचा एकच विषय ठरवावा आणि तो दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे लिहवून घ्यावा, भाषांतर करून नव्हे. मग कोणत्या भाषेत काय सहज सांगता आले ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल.

विषयही सुचवतो, आणि तो आपल्याच जिल्ह्याला करता येईल असा आहे. बेळगाव जिल्ह्यात पावसाची जेवढी तफावत आहे तेवढी थोड्या जिल्ह्यांत असेल. मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीला धो धो, बेळगावला बऱ्यापैकी, निपाणीला बेताचा, अथणीला आभाळाकडे डोळे. या चारही ठिकाणी पावसाबरोबर बेरिलियम-७ पडत असणारच. लिटरमागे साधारण एकदोन बेक्वेरेल एवढीच त्याची क्रिया, त्यामुळे धोका काही नाही; उलट इतके कमी मोजायचे कसे हीच परीक्षा आहे. पुष्कळ पाणी गोळा करावे, ते रेझिनमधून गाळून बेरिलियम एका ठिकाणी आणावे, आणि विद्यापीठाच्या विभागात गॅमा किरण मोजण्याचे यंत्र असेल तेथे शिशाच्या विटांच्या आडोशाला ठेवून ४७८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जागी शिखर दिसते का ते पाहावे. पहिल्या सरींत अधिक असते की श्रावणात, कणकुंबीला जास्त पाऊस म्हणून एकूण अधिक पडते की लिटरमागे विरळ होते, याची उत्तरे या चार गावांपुरती विद्यार्थ्यांनी स्वतः काढावीत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगोल आणि दोन भाषा एवढ्यांना यात काम आहे.

भांडी प्लास्टिकची घ्यावीत, धातूची नकोत, आणि त्यांत आधीच थोडे आम्ल घालून ठेवावे, नाहीतर बेरिलियम भांड्याच्याच अंगाला चिकटून बसते. नोंदवहीत तारीख व तास लिहिला पाहिजे, कारण ५३ दिवसांचा हिशेब मागून करावा लागतो. पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो, तेव्हा जागा मे अखेरीपर्यंत ठरलेल्या बऱ्या. कणकुंबीसाठी पिंप न्यावे लागेल.